उसना उजेड

४ जून

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बसमध्ये शेजारी एक गृहस्थ डुलक्या घेत होते, त्यांना जागं करकरून तुझ्या लॅबची गोष्ट सांगितली. शेवटी ते उठून मागच्या सीटवर गेले. ज्याचं त्याचं नशीब.

तू म्हणशील, मामा, फोन आहे की. फोन गिऱ्हाइकांसाठी. फोनवर माणूस ऐकतो कमी आणि आपली पाळी कधी येते ते बघतो जास्त. पत्रात समोरच्याला गप्प बसून ऐकावंच लागतं, म्हणून मला पत्र आवडतं.

काय ते दाखवलंस गं! बोटाएवढ्या चौकोनी काचेत नारिंगी पाणी. तू खोलीतला दिवा मालवलास, तो जांभळा दिवा लावलास, आणि आत निखाराच फुलला. माझा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या उजळण्यात गेला. आधी ब्रश आणि रंगाचा डबा, मग काचेच्या नळ्या वाकवल्या, आता ठिपक्याएवढे दिवे चिकटवतो. पण वायर नाही, प्लग नाही आणि पाणी पेटलंय, हे पहिल्यांदा पाहिलं. आणि ते आमच्या टिकलीने बनवलेलं. मी विचारलं ना तुला, "हे तुझं?" तू मान हलवलीस, तेव्हा डोळे पुसायला निमित्त हवं होतं. म्हणून खोकलो. धूर वगैरे काही नव्हता.

मामीला सगळं समजावून सांगितलं. मधे रुथेनियम नावाच्या धातूचा एक कण, त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले ते लिगँड नावाचे रेणू. उजेड पडला की धातूच्या पदरचा इलेक्ट्रॉन उडी मारून लिगँडकडे जातो, आणि परत आला की उजेड बाहेर पडतो. मामी म्हणाली, "म्हणजे कमाई एकाची आणि मिरवायचं दुसऱ्याने. आपल्याच घरातलं शिकवतात म्हणा की."

तुमच्यातला तो उंच पोरगा, लंबू, थांब्यापर्यंत आला. पिशवी हातातून काढूनच घेतली. वाटभर तुझंच कौतुक. "मामा, तिचा हात फार स्वच्छ आहे. मी तिच्याकडे बघून शिकतो." चांगला आहे पोरगा. कपडे मात्र त्याच्या मापाचे कोणी शिवत नाही वाटतं.

व्यापारी मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं. चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे भाचीने दिवे लावले म्हणायचे." हसले लेकाचे. मी म्हटलं, लावलेत, आणि तुम्हाला दाखवणार आहे. ऑगस्टच्या वार्षिक सभेत तुझा सत्कार ठरवून टाकलाय. पाटी मी स्वतः बनवतोय.

तुझा,
मामा

११ जून

प्रिय मामा,
नमस्कार.

पत्र मिळालं. मामीचं मत सरांना सांगायची माझी हिंमत नाही, पण ते अगदी चूक नाही. आमचं सगळं काम लिगँडवरच चालतं. धातू तोच राहतो. लिगँड बदलला की संयुग कुठला उजेड पिणार आणि कुठला परत देणार, ते बदलतं. लिगँड इलेक्ट्रॉनचा जास्त हावरा असेल तर उडी लहान पडते आणि रंग लालकडे सरकतो. त्याने धातूला वाकड्या कोनात धरलं असेल तर आणखी एक वाट उघडते. इलेक्ट्रॉन त्या वाटेने निसटतो, सगळी शक्ती उष्णतेत जाते, उजेड काही मिळत नाही.

सर्वांच्या ओळखीचं जे संयुग आहे त्यात दोन हातांचे तीन लिगँड असतात. ते छान उजळतं. माझ्यात तीन हातांचे दोन आहेत. त्यांचा फायदा असा की कण एकापुढे एक, सरळ ओळीत जोडता येतात. तोटा असा की पकड वाकडी बसते, म्हणून नेहमीच्या हवेत ती मंडळी अंधारीच राहतात. मी लिगँडला एक जास्तीचा तुकडा जोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर बसेल आणि पळवाट त्याला उंच पडेल.

तू गेल्यावर मोजमापं घेतली. उजेड चांगला भरला. सरांनी सगळ्यांसमोर टाळी वाजवली आणि पेपर पाठवून दिला. लंबूची जागा तात्पुरती आहे. आता याच संयुगाच्या ओळी जोडायचं काम सरांनी त्याला दिलंय. जमलं तर तो कायम होईल.

एक विनंती. सत्कार नको. पाटी तर मुळीच नको. अजून काही छापून आलेलं नाही.

तुझी,
टिकली

१८ जून

चि. टिकलीस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लिगँड समजला. भाचीच जरा समजली नाही.

मी उगाच वाकड्यात शिरत नाही, पण तुझ्या लॅबमध्ये मी जरा मोठ्याने बोललो, हे मला परतताना बसमध्येच कळलं होतं. कारखान्यात पत्रा कापायच्या आवाजावर आवाज चढवायची सवय. तुझ्या सरांच्या पाठीवर थाप मारली तीही नको होती. ते बिचारे चष्मा सावरत राहिले. "आमची पोर सांभाळा हो" असं म्हणालो, तेव्हा तुझ्या शेजारची मुलगी हसली, ते मी पाहिलं. तू खाली बघितलंस, तेही.

तेव्हा सत्कार नको, म्हणजे मामाच्या मंडळात, मामाच्या मित्रांसमोर, मामाच्या हातची पाटी नको, असंच ना? मला राग नाही. पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताला रंग लागतोच. शिकलेल्या पोरीने तो हात धरून मिरवावं, असा काही कायदा नाही.

पाटी मात्र अर्धी झालीय. मोडवत नाही.

मामी विचारते, लंबूला नवा शर्ट मिळाला का.

तुझा,
मामा

५ जुलै

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र टेबलावर उलटं ठेवलं होतं.

मला तुझी लाज वाटते असं पुन्हा लिहू नकोस. तू आला होतास तो दिवस इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. सर परवा स्वतःच म्हणाले, "तुझे मामा आले त्या दिवशी लॅबमध्ये जान आली." तुझी लाज कधीच वाटली नाही. हे एवढं तरी खरं मान.

इथे ठीक आहे. लंबूचं काम अडलंय. त्याने ते संयुग पहिल्यापासून बनवलं, तर उजेडच येत नाही. पुन्हा बनवलं, पुन्हा तेच. बैठकीत सर त्याला सगळ्यांसमोर बोलले. "हाताला वळण नाही तुझ्या. तिला जमतं ते तुला का जमत नाही?" महिन्याच्या अखेरीस सर त्याच्या जागेचं ठरवणार आहेत.

पाऊस नाही, उकाडा आहे. मामीला नमस्कार.

टिकली

९ जुलै

टिकले,

पाटी बनवून घ्यायला येणारा माणूस पैसे किती देणार, हे मी त्याच्या पहिल्या वाक्यावरून ओळखतो. कान ही माझी एकच डिग्री. तेव्हा आता ऐक, मला काय ऐकू आलं.

मी तिथे आलो तेव्हा तू दर वाक्याला "माझं संयुग, माझं संयुग" करत होतीस. मामी वैतागली असती. या पत्रात आहे "ते संयुग". लंबूला सगळ्यांसमोर बोलणी बसली, ते लिहिलंस. तू काय बोललीस, ते लिहिलं नाहीस. आणि त्याच्यानंतर लगेच हवापाणी. माणूस हवापाण्यावर कधी येतो ते मला चांगलं माहीत आहे. मी स्वतः उधारी मागायला गेलो की पाऊणतास हवापाणी चालतं.

तुला माझी लाज वाटत नाही म्हणालीस, ते मानलं. मग कशाची वाटते?

मामा

१६ जुलै

मामा,

तू विचारलंस म्हणून लिहिते. नाहीतर लिहिलं नसतं.

तू आलास त्या दिवशी तुला दाखवलं ते माझं नव्हतं. ते दोन हातांचं, सर्वांच्या ओळखीचं संयुग होतं. बाजारात बाटलीत विकत मिळतं. आमच्या कपाटात तुलनेसाठी ठेवलेलं असतं. माझं काही उजळत नव्हतं. तू एवढा प्रवास करून आला होतास, कडक इस्त्रीचा सदरा घातला होतास. दारातूनच म्हणालास, "दाखव बघू, काय पेटवलंस ते." मी माझी काच दिव्याखाली धरून तुला अंधार कसा दाखवणार होते? वळले, दुसरी बाटली घेतली, काचेच्या नळीने तिच्यातलं थोडं चौकोनी काचेत सोडलं. तू विचारलंस, "हे तुझं?" आणि मी मान हलवली.

तेवढ्यावर राहिलं असतं तर तुझ्या-माझ्यातली गोष्ट होती. पण तू निघायची घाई करत होतास आणि मला तुला सोडायला यायचं होतं. त्याच काचेच्या नळीने मी माझ्या संयुगाचं द्रावण माझ्या बाटलीत भरून ठेवलं. नळी धुतली नव्हती. तुला सोडायला तर मी आलेच नाही, सरांनी हाक मारली म्हणून. लंबू आला.

दुसऱ्या दिवशी माझी बाटली उजळली.

हे ओळखीचं संयुग इतकं तेजस्वी असतं की लाखात एखादा अंश मिसळला तरी सगळी बाटली तीच उजळतेय असं वाटतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी जोडलेल्या तुकड्याने उजेड खोल लाल यायला हवा होता. आला नारिंगी. मी त्यालाही कारण शोधलं. हवं ते दिसत असलं की कारणं हात जोडून उभी राहतात.

लंबूचं दुसऱ्यांदा फसलं तेव्हा मी ताडून बघितलं. नमुन्यावर एकेका रंगाचा उजेड टाकत जायचा आणि कुठल्या रंगाने तो जास्त उजळतो ते बघायचं. जो उजळतो, तो स्वतः जे पितो त्यानेच उजळणार. माझं संयुग हिरव्याच्या जवळचा निळा पितं. बाटली उजळत होती साध्या निळ्याने. म्हणजे पिणारा एक आणि झिंगणारा भलताच. दुपार होती, जेवायला सगळे खाली गेले होते. मी त्या मोजमापाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आणि त्याच्यानंतरची ती बैठक, मामा. सर लंबूला बोलले तेव्हा मला माहीत होतं.

अजून आहे. बैठक संपल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणाला, "माझं काय चुकतंय, दाखव ना. तू म्हणशील तसं करतो." मी त्याच्याशेजारी बसले. आणि त्याला काच कशी धुवायची ते शिकवलं. "तुझी काच स्वच्छ नसेल," असं मी त्याला म्हणाले. मी. त्याने वहीत लिहून घेतलं.

टिकली

१९ जुलै

चि. टिकलीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. घाबरू नकोस. आधी जेव.

आता मामाचं ऐक. मी व्यवहारातला माणूस आहे. एक थेंब इकडचा तिकडे झाला, तो काही तू मुद्दाम टाकला नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आता उठून सांगितलंस तर तुझ्या सरांचं नाव जाईल, पेपर जाईल, तुझी एवढ्या वर्षांची मेहनत जाईल. आणि हे सगळं कशापायी, तर मामाला खूश करायला गेलीस म्हणून? ते पाप माझ्या माथी नको. नवीन बाटली बनव, हळूहळू म्हण की उजेड कमी येतोय, हवामान म्हण, मशीन म्हण. चार महिन्यांनी कोणाला आठवत नाही. माझ्या कितीतरी पाट्या पहिल्या पावसात विझल्या आहेत. मी वायरमनवर ढकललं, आणि तो वायरमन आजही माझ्याकडेच कामाला आहे.

लंबूचं मी बघतो. त्याला माझ्याकडे पाठव. उंच आहे, शिडी लागणार नाही. पगार तिथल्यापेक्षा जास्त देईन.

सत्काराचं आता मागे घेता येणार नाही. औषधवाले अध्यक्ष आहेत, पत्रिका छापायला गेल्या. तू नुसती येऊन उभी राहा. बोलायचं मी बोलेन.

तुझा,
मामा

२१ जुलै

टिकले,

परवाचं पत्र मिळालं असेल तर फाड. मिळायचं असेल तर न वाचता फाड.

मी ते पेटीत टाकून घरी आलो आणि मामीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पोरीला सल्ला दिला. तिने तुझं पत्र मागून घेतलं, ओट्याशी उभ्याउभ्या वाचलं. मग म्हणाली, "यात तिने 'काय करू' असं कुठे विचारलंय हो?"

मी म्हटलं, "विचारल्यासारखंच आहे."

"विचारलं नाही. सांगितलंय. तुम्हाला सांगून झालं की तिला पुढे सांगता येणार होतं. तुम्ही दारच लावून घेतलंत."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. कारखान्यात गेलो. वायरमन ती तुझी पाटी जोडत बसला होता, अक्षर न् अक्षर पुसत. मी त्याच्याबद्दल तुला काय लिहिलं ते आठवलं. विनोद म्हणून लिहिलं होतं. तो मला म्हणाला, "शेठ, ताईंच्या पाटीला दुहेरी वायर घातलीय. ही विझायची नाही." त्या माणसाला पंचवीस गिऱ्हाइकांपुढे मी निष्काळजी म्हटलंय, टिकले, आणि तो माझ्या भाचीच्या पाटीला दुहेरी वायर घालतोय. लंबूला शिडीवर चढवायला निघालो होतो मी, म्हणजे तो इथेही माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या वाटणीची बोलणी खात राहिला असता.

अध्यक्षांकडे जाऊन सत्कार रद्द केला. चष्मेवाला तिथेच होता. "का हो, दिवा गेला?" मी म्हटलं, "दिवा तिचा नव्हता, आणि माझी जीभ लांब होती." घरी येताना मान वर करवेना.

पोरी, जा आणि सांग.

मामा

३० जुलै

प्रिय मामा,
नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, पण एकामागून एक. मधे तीन दिवस गेले. आता मीही काही लपवत नाही. तुझं पहिलं पत्र मिळालं तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. जाणत्या माणसाने सांगितलंय म्हणून मी गप्प राहिले, तुझ्या नावावर. त्या तीन दिवसांत सरांनी लंबूला टेबल रिकामं करायला सांगितलं. तो खोक्यात आपल्या वस्तू भरत होता आणि मी समोर बसून आलेख काढत होते. तेव्हा तुझं दुसरं पत्र आलेलं नव्हतं. ते आलं म्हणून सांगितलं, असंही मला म्हणता येत नाही. त्याने खोक्यावर चिकटवायला माझ्याकडे चिकटपट्टी मागितली. मी दिली. तो "थँक यू" म्हणाला. तेव्हा मात्र मला बसवेना.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरांची बैठक चालू होती. मी उभी राहिले आणि घडी केलेला कागद सरांपुढे ठेवला. सगळं सांगितलं. तुला दाखवलेल्या बाटलीपासून.

सर म्हणाले, "कधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "त्याला तुम्ही बोललात त्याच्या आधीपासून."

मग लंबूने विचारलं, अगदी हळू, भांडायच्या सुरात नव्हे, "म्हणजे माझी काच स्वच्छ होती?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

त्याने मान हलवली आणि खोक्यातल्या वस्तू एकेक करून परत टेबलावर मांडायला लागला. सरांनी पेपर मागे घेतला. लंबूची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, सरांसारख्या माणसाने. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. "मला सुचलं की सांगतो," एवढंच म्हणाले. मी रोज येते. शेजारची मुलगी बोलते. लंबू बोलत नाही. रागावून तोंड फिरवत नाही. समोरून आला तर वाट देतो. ते जास्त लागतं.

काल त्याने माझं संयुग घेतलं, म्हणजे त्याने बनवलेलं, निर्मळ. काचेच्या बारीक नळीत भरून ते बर्फाहून कितीतरी गार अशा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलं. एवढ्या गारठ्यात ती उष्णतेची पळवाट बंद होते. इलेक्ट्रॉनला तिथपर्यंत चढायला बळच उरत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. मला उजेड हवा होता तो सगळ्यांना दाखवता येईल असा.

त्याने सगळ्यांना हाका मारून बोलावलं. मला मारली नाही. मी दारात उभी राहिले. दिवे मालवले, जांभळा लावला.

खोल लाल, मामा. मंद, पण स्थिर. मी कागदावर मांडला होता तोच रंग.

सर म्हणाले, "अरे, हे उजळतं की!"

"गारठ्यात उजळतं," लंबू म्हणाला. "नेहमीच्या हवेत नाही. तसंच लिहायचं."

सगळे वाकून बघत होते. ते माझं होतं आणि मी पहिल्यांदाच पाहत होते. तुला दाखवावंसं वाटलं. पुढे जावंसंही वाटलं. त्यांनी खोलीतला दिवा लावायच्या आत मी तिथून निघाले.

तुझी,
टिकली